लहान विमानात केबिन प्रेशर गेलं तर नेमकं काय होते? भाऊ किंग एअरवर लागून राहिला, घरचे घाबरून आहेत

धानवाला_तिरोडा:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. आम्ही तिरोडा तालुक्यातले, धानाची शेती, आमच्या घरात विदर्भ एक्सप्रेसच्या पलीकडे कोणी कशात बसलं नाही आणि लहान भाऊ पायलट झाला. इथंच बिर्सीला शिकला, लायसन झालं, मग बरेच दिवस घरीच बसून होता (या लोकांचं असंच असते म्हणे, लायसन हातात आणि नोकरी नाही) आणि आता एका चार्टर कंपनीत किंग एअर २०० नावाच्या दोन पंख्यांच्या विमानावर लागून राहिला. गाव खुश, आम्ही खुश.

तर झालं काय, मामेभावाने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. विमान आकाशात सरळ चाललं आहे, बाजूला फायटर विमानं येऊन पाहून राहिले, आतले सगळे बेशुद्ध, खिडक्यांवर बर्फ, आणि तेल संपेपर्यंत ते तसंच जात राहते अन् मग पडते. केबिनचं प्रेशर गेलं म्हणे. आईने तो व्हिडिओ पाहिला आणि तिचं जेवणावरून मनच उडालं. बाबा वरून काही दाखवत नाहीत पण काल बांधीत रोवणं चालू असताना मधेच मला म्हणते, "काऊन रे, याले मोठ्या विमानावर नाई लागता येत का?"

भावाला फोन केला तर तो हसते. "दादा ट्रेनिंग असते, मास्क असते, टेन्शन नको घेऊ." झालं, फोन ठेवला. बिर्सीला ज्या विमानावर शिकला त्यात ही प्रेशरची भानगडच नव्हती म्हणते, खालूनच उडायचे. म्हणून तुम्हाला विचारतो, हे व्हिडिओवालं खरं आहे का, लहान विमानात धोका जास्त असते का, आणि भावाला मी नेमकं काय विचारू जेणेकरून तो हसून टाळणार नाही? आईला सांगता येईल असं काहीतरी द्या. खोटं नको, ती ओळखते.

पाना_हातोडा:

पहिले अभिनंदन दादा, पोट्ट्याने नाव काढलं. मी नागपूरला मिहानमध्ये एका हँगरला (विमानदुरुस्तीच्या शेडला) काम करतो, प्रेशरायझेशनचं काम हाताखालून गेलेलं आहे म्हणून लिहितो. व्हिडिओवालं खरं आहे, एकदा नाही बऱ्याचदा झालेलं आहे. त्यावर खाली कोणीतरी लिहिलंच, मी पहिले यंत्र सांगतो.

वर ऑक्सिजन कमी असते हे डोक्यातून काढा. तिरोड्याच्या हवेत २१ टक्के आणि ३५,००० फुटांवरच्या हवेतही २१ टक्केच. कमी होते तो दाब. १८,००० फुटांवर दाब निम्मा होऊन जाते, आणि फुफ्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलायला जो दाब लागते तोच नसला तर तुम्ही कितीही जोरात श्वास घ्या, काही उपयोग नाही. म्हणून विमानाच्या आत दाब तयार करून ठेवावा लागते. आता लोकांना वाटते विमान म्हणजे हवाबंद डबा, जमिनीवरची हवा आत भरली, दार लावलं, निघाले. तसं नसते. हे म्हणजे गळक्या ट्यूबमध्ये सतत पंप मारत राहण्यासारखं आहे. इंजिनच्या कॉम्प्रेसरमधून गरम दाबलेली हवा काढतात, त्याला ब्लीड एअर म्हणतात, ती थंड करून केबिनमध्ये सोडतात, आणि मागच्या बाजूला आउटफ्लो व्हॉल्व असते तो मोजून मोजून बाहेर सोडते. येणं आणि जाणं यांचा मेळ बसला की आतला दाब टिकते. मोठ्या विमानात आतला दाब साधारण ८,००० फुटांवर असल्यासारखा ठेवतात, यालाच केबिन अल्टिट्यूड म्हणतात. ८,००० म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त, कळसूबाई ५,४०० आहे तिच्याही वर. धडधाकट माणसाला तिथं काही होत नाही, फार तर कान बंद होतात आणि चिप्सचं पाकीट टम्म फुगते.

मेळ बिघडायला काय लागते? ब्लीडचे स्विच चालूच केले नाहीत, आउटफ्लो व्हॉल्व उघडा अडकला, दाराचं रबर सील गेलं, डक्टचा क्लॅम्प सुटला, काचेला तडा गेला. किंग एअरमध्ये आतबाहेरच्या दाबाचा फरक साडेसहा पीएसआयच्या (दर चौरस इंचावर साडेसहा पाउंड) आसपास जाते, हिशेब करून पाहा, एक चौरस फूट जागेवर सव्वाचारशे किलो होतात. दार आणि काचा रोज हे झेलतात, म्हणून आम्ही लोक त्या रबराच्या सीलवर टॉर्च मारून मारून पाहतो आणि पायलट लोक घाई करतात तेव्हा आम्हाला राग येते.

लहान विमानात धोका जास्त का, तर एक साधी गोष्ट, आतली जागा लहान. तेवढ्याच आकाराचं भोक मोठ्या विमानाला पडलं तर दाब उतरायला वेळ लागते, लहान केबिन भराभर रिकामी होते. त्यात बरीच लहान विमानं एकाच पायलटवर उडतात, म्हणजे त्याला काही झालं तर पाहायला दुसरा नाही. आणि जुन्या मॉडेलमध्ये वॉर्निंगचा फक्त लाल दिवा असते, भोंगा नसते. उन्हात तो दिवा पेटलेला दिसत नाही हे तुम्हाला ट्रॅक्टरवालाही सांगेल.

शंकेखोर_पांडू:

एक विचारतो, रागावू नका. भोक पडलं की धडाम आवाज होईल ना? वारा सुटेल, कागद उडतील, कान फुटतील. पायलटला कळणारच. मास्क समोरच असते, लावला की झालं. एवढा बाऊ कायले? आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरता येत नाही का, आमच्या नदीत पोरं मिनिटभर बुडी मारून बसतात.

संत्रा_वरुड:

पांडूभाऊ, मी वायुसेनेत एअरक्रू होतो, आता वरुडले संत्र्याचा बगीचा पाहतो. तुमचा प्रश्न बराबर हाये, पण उलटा हाये. धडाम झालं तं माणूस वाचते. १९८८ मध्ये हवाईच्या अलोहा कंपनीच्या बोइंगचं छत २४,००० फुटांवर अक्षरशः उडून गेलं, पुढचे प्रवासी उघड्यावर बसले होते, एक एअरहोस्टेस बाहेर फेकल्या गेली बिचारी, बाकी विमान उतरलं. काऊन? कारण पायलटले विचार करावा लागला नाही, समोर दिसून राहिलं की काय झालं, नाक खाली केलं अन् आले. जीव घेते ते हळू गळणारं. आवाज नाही, वारा नाही, धुकं नाही. माणूस बसल्या जागी मजेत जाते.

मजेत हा शब्द मुद्दाम लिहिला. बेंगळुरूले इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन हाये, तिथं एअरक्रूले अल्टिट्यूड चेंबरमध्ये बसवतात. लोखंडाची खोली, दोन्ही बाजूंनी बाकडे, डॉक्टर काचेतून पाहते. हवा काढत काढत खोली २५,००० फुटांवर नेतात, मग अर्ध्या लोकांले सांगतात मास्क काढा, अर्धे मास्क लावून समोरच्यावर नजर ठेवतात. हातात कागद पेन्सिल देतात, शंभरातून सात सात वजा करत जा, मधे मधे आपलं नाव लिहा. मी बसलो. मले काही म्हणजे काही होत नव्हतं. उलट लय बरं वाटत होतं, हलकं हलकं, वाटलं हे डॉक्टर लोक उगाच घाबरवतात, मी तं अर्धा घंटा बसतो असा. समोरचा खुणा करून राहिला मास्क लाव, मास्क लाव, आणि मी त्याले पाहून हसून राहिलो. शेवटी त्यानंच माझ्या तोंडावर मास्क दाबला. दोन-चार श्वास घेतले आणि खोलीत कोणी लाइट लावला असं झालं, रंगच बदलले सगळे. तोवर मले माहीतच नव्हतं की मले धूसर दिसत होतं. मग कागद पाहिला. पहिल्या तीन ओळी बरोबर, पुढं ९३ तीनदा लिहिलेलं, आणि माझं स्वतःचं नाव अर्ध्यात सोडून पेन्सिलची रेघ कागदाबाहेर बाकावर गेलेली. नखं जांभळी.

तं पांडूभाऊ, ज्या डोक्यानं ओळखायचं की डोकं चालत नाही, तेच डोकं पहिले जाते. म्हणून एअरक्रूले शिकवतात की शंका आली, थोडीही आली, तं पहिले मास्क, मग विचार. विचार करून मास्क लावतो म्हणाल तं तो विचारच होत नाही.

अन् श्वास रोखायचं म्हणता, ते तं मुळीच नाही. एकदम दाब उतरला अन् तुम्ही छाती भरून श्वास धरून ठेवला तं आतली हवा फुगते, फुफ्फुस फाटू शकते. नदीत पाणी बाहेरून दाबते, इथं उलटं हाये.

डॉक्टरीण_सेवाग्राम:

संत्रावाले काका, छान लिहिलंत. त्यात थोडी भर घालते.

शुद्ध पूर्ण जायच्या आधी एक काळ असतो ज्यात माणूस जागा आहे, डोळे उघडे आहेत, पण त्याच्या हातून कामाचं काही होत नाही. कामाचं होऊ शकतं तो वेळ किती, याला टाइम ऑफ युजफुल कॉन्शसनेस म्हणतात. १८,००० फुटांवर वीस ते तीस मिनिटं मिळतात. २५,००० वर तीन ते पाच. ३०,००० वर एक ते दोन मिनिटं. ३५,००० वर अर्धं ते एक मिनिट आणि ४०,००० वर पंधरा-वीस सेकंद. हे आरामात बसलेल्या निरोगी माणसाचे आकडे आहेत, आणि दाब एकदम उतरला तर याच्याही निम्मे धरायचे. सिगारेट ओढणारा, हिमोग्लोबिन कमी असलेला, रात्रीचं जागरण झालेला, याचं अजून कमी. लहान जेट तर मोठ्या प्रवासी विमानांच्याही वरून उडतात, ४१,०००, ४५,००० वगैरे, तिथे चूक सुधारायला वेळच उरत नाही. त्या मानाने किंग एअर खालून उडतं ही तुमच्या भावाच्या बाजूची गोष्ट आहे.

लक्षणं प्रत्येकाची वेगळी. कोणाला हातापायाला मुंग्या, कोणाला चिडचिड, कोणाला काकांसारखी मजा, कोणाला नजरेच्या कडा काळ्या होऊन मधलंच दिसणं. चेंबरचा खरा फायदा हाच की आपलं पहिलं लक्षण कोणतं ते माणसाला कळतं. भावाला कधी चेंबर करायला मिळालं तर जरूर कर म्हणावं.

आता आपल्या भागाचं एक, जे दिल्ली-मुंबईच्या लोकांना सुचणार नाही. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) प्रमाण जास्त आहे. एसएस म्हणजे रुग्ण, एएस म्हणजे वाहक. वाहकाला आयुष्यभर काही त्रास होत नाही, त्यातल्या बहुतेकांना माहीतही नसतं, दाब असलेल्या केबिनमध्येही अडचण नाही. पण ऑक्सिजन खूप कमी झाला तर वाहकालाही प्लीहेला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. भावाच्या पायलटच्या मेडिकलमध्ये रक्ताच्या तपासण्या झाल्या असतीलच, तरी सिकलसेलच्या सोल्युबिलिटी आणि लागलं तर इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्या झाल्यात का एवढं विचारून घ्या. गावच्या कॅम्पमध्ये कार्ड मिळालं असेल तर ते पाहा.

अजून एक. किंग एअर आपल्याकडे एअर ॲम्ब्युलन्स म्हणूनही पुष्कळ वापरतात. छातीत हवा साठलेला, म्हणजे न्युमोथोरॅक्सचा पेशंट असेल तर ८,००० फुटांच्या केबिनमध्येसुद्धा ती हवा साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढते, म्हणून आधी छातीत नळी टाकून मगच न्यायचं असतं. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये गॅस भरलेला असेल तर तो विरेपर्यंत विमान बंद. अशा पेशंटसाठी पायलटला सांगून खालून उडवतात, डिझेल जास्त जातं, नातेवाईक कुरकुर करतात (डिझेल नाही हो, त्यांचं वेगळं इंधन, सवयीने लिहिलं गेलं). केबिनचं प्रेशर ही फक्त पायलटची काळजी नाही एवढंच म्हणायचंय.

धानवाला_तिरोडा:

बाप्पा. आईला दाखवायचं म्हणून वाचत होतो, आता मलाच घाम सुटला. डॉक्टर ताई, सिकलसेलचं कार्ड आहे आमच्याकडे सगळ्यांचं, भावाचं नॉर्मल आहे, हे एक बरं झालं. पण त्या व्हिडिओतलं विमान कोणतं? किंग एअरचं असं कधी झालं का? खरं सांगा.

पाना_हातोडा:

खरं सांगतो, झालं आहे. ४ सप्टेंबर २०००, ऑस्ट्रेलिया. तेच मॉडेल, किंग एअर २००. पर्थहून लिओनोरा नावाच्या खाणीच्या गावाला कामगार घेऊन निघालं, एक पायलट आणि सात खाणवाले. २५,००० फुटांवर थांबायचं होतं, थांबलंच नाही, चढतच गेलं, एटीसीने (जमिनीवरून विमानांना रस्ता सांगणाऱ्यांनी) विचारलं तर उत्तराच्या जागी नुसते श्वासाचे आवाज. पाच तास उडून पार दुसऱ्या टोकाला क्वीन्सलँडमध्ये बर्कटाउनजवळ पडलं. आठही गेले. त्या विमानात केबिन अल्टिट्यूडचा दिवा होता, भोंगा नव्हता. मी वर लाल दिव्याचं लिहिलं ते याच्यावरूनच.

व्हिडिओतलं बहुधा पेन स्टुअर्टचं असेल. अमेरिकेचा नावाजलेला गोल्फर, २५ ऑक्टोबर १९९९, लिअरजेट ३५, ऑरलँडोहून डॅलसला निघाले, दोन पायलट धरून सहा जण. ३९,००० फुटांची परवानगी घेतली आणि पाचेक मिनिटांनी आवाज बंद. चार तास ऑटोपायलटवर उत्तरेकडे जात राहिलं, एफ-१६ वाल्यांनी जवळ जाऊन पाहिलं तर काचा आतून पांढऱ्या, शेवटी साउथ डकोटात शेतात पडलं. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी संस्था) सांगितलं की प्रेशर गेलं आणि पायलटांना ऑक्सिजन मिळाला नाही, पण प्रेशर का गेलं ते शेवटपर्यंत ठरलं नाही, राहिलं काय होतं तपासायला. काचांवर बर्फ का, तर तेवढ्या उंचीवर बाहेर उणे पन्नासच्या खाली असते, केबिनमधली ओल काचेवर गोठते.

ताजं म्हणाल तर जून २०२३. सेसना सायटेशन जेट, टेनेसीहून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला जायचं होतं, तिथवर गेलं, उतरलं नाही, वरच्या वर वळून परत फिरलं आणि थेट वॉशिंग्टनवरून निघालं. फायटर विमानं आवाजाच्या वेगाच्या पुढे गेली, राजधानीत लोकांना स्फोट झाल्यासारखं ऐकू आलं. व्हर्जिनियाच्या डोंगरात पडलं, चार जण होते.

आणि मोठ्या विमानाचंही काही वेगळं नाही, हे बाबांना सांगा. २००५ मध्ये हेलिओस कंपनीचं बोइंग ७३७, सायप्रसहून अथेन्सला, १२१ माणसं. त्याच दिवशी पहाटे मेंटेनन्सवाल्यांनी जमिनीवर प्रेशर चेक केला, त्यासाठी स्विच मॅन्युअलवर टाकला आणि तो तसाच राहिला, सकाळी क्रूच्या चेकलिस्टमधूनही निसटला. चढताना भोंगा वाजला, पण तोच भोंगा जमिनीवर टेकऑफची सेटिंग चुकली तरी वाजते, त्यांना वाटलं भोंगाच बिघडला. आमच्या लायनीत ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यानंतर जमिनीवरचा प्रेशर चेक झाला की मी स्वतः बोट लावून स्विच पाहतो. आपल्याकडे २०१८ मध्ये जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात ब्लीडचा स्विच राहिला होता, तीसेक लोकांच्या नाका-कानातून रक्त आलं, मास्क पडले, विमान मुंबईला परत आलं. लहान मोठं असं काही नाही, स्विच राहिला की राहिला.

संत्रा_वरुड:

पाना भाऊ, तुम्ही मेलेलेच सांगून राहिले, वाचलेले पण सांगा. त्या माउलीचं जेवण सुटलं हाये.

२००८ चं कलिटा ६६ शोधून ऐका, रेकॉर्डिंग इंटरनेटवर हाये. लिअरजेट २५, अमेरिकेत, ३२,००० फुटांवर. पायलट रेडिओवर बोलते पण जीभ जड झालेली, दारू पिल्यासारखी. म्हणते, उंची कंट्रोल होत नाही, वेग कंट्रोल होत नाही, दिशा कंट्रोल होत नाही, बाकी सगळं एकदम ओके! हे "बाकी ओके" ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण चेंबरमध्ये मीही तसाच हसत होतो. पण क्लीव्हलँडच्या कंट्रोलरले तो आवाज खटकला. त्यांनी ओळखलं हे हायपॉक्सियाचं, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याचं, काम हाये, अन् त्याच्या मागे लागले, खाली या, ११,००० ले या, खाली या. पायलट तेवढं ऐकत गेला. जसं खाली आलं तसा आवाज साफ होत गेला, जसा दुसराच माणूस बोलून राहिला. व्यवस्थित उतरले.

आता त्याच्या उलट २०१४ चं ऐका. टीबीएम ९००, एका पंख्याचं विमान, मालकच पायलट, घरवाली बाजूले. २८,००० फुटांवर त्याले काहीतरी चुकीचं इंडिकेशन दिसलं. त्यानं एटीसीले १८,००० मागितले. शांत आवाजात, मागितले. इमर्जन्सी म्हटलं नाही. खाली दुसरं विमान होतं म्हणून एटीसीनं २५,००० दिलं, हा तिथं थांबून राहिला. थोड्या वेळानं २०,००० दिलं तं यानं हो म्हटलं, पण खाली आलाच नाही. त्याचं होकाराचं तोंड चालू होतं, हात बंद झाले होते. विमान जमैकाजवळ समुद्रात पडलं. मी त्याले दोष देत नाही, चांगला अनुभवी होता. पण आपले लोकं साहेबाले फार मागतात. असं झालं तं मागायचं नसते, सांगायचं असते. मेडे (रेडिओवरची इमर्जन्सीची हाक) म्हटलं की समोरचं विमान हटवणं एटीसीचं काम, तुमचं नाही. पोट्ट्याले हे सांगा, ते विनम्रपणा जमिनीवर ठेवून जाय म्हणा.

शंकेखोर_पांडू:

पटलं काका. श्वास रोखायचं मागे घेतो. पण मग सगळे पायलट पहिल्यापासून मास्क लावूनच का बसत नाहीत? भानगडच नको.

पाना_हातोडा:

कारण चार तास तो मास्क तोंडावर ठेवून पाहा एकदा. रबराचा वास, घाम, बोलायला त्रास, आणि सिलेंडर संपते. म्हणून नियम उंचीवर असतात. अमेरिकेचे नियम सगळीकडे शिकवतात, त्यात बिनप्रेशरच्या विमानात १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचं असेल तर पायलटला ऑक्सिजन पाहिजे, १४,००० च्या वर कायम पाहिजे, १५,००० च्या वर प्रवाशांसाठीही ठेवावा लागते. प्रेशरवाल्या विमानात वर जायचं तर क्विक डॉनिंग मास्क असते, एका हाताने पाच सेकंदात तोंडावर बसला पाहिजे अशी त्याची अट आहे. वर लटकलेला असते, ओढला की बसते. प्रवाशांचे जे पिवळे मास्क वरून पडतात ते केबिन १४,००० च्या आसपास गेली की पडतात, मोठ्या विमानात त्यांचा ऑक्सिजन बारा-पंधरा मिनिटांचाच, तेवढ्यात १०,००० ला यायचं. लहान विमानात प्रत्येकाचं वेगळं असते, काहीत तर हाताने ओढून सोडावे लागतात. म्हणून त्याच्याच विमानाचं पुस्तक पाहिजे.

दादा, भावाला विचारायचं म्हणता ना, तर ट्रेनिंग झालं का असं विचाराल तर तो हो म्हणेल. असं विचारा: आज निघायच्या आधी मास्क तोंडाला लावून श्वास घेऊन पाहिला का? नुसता मास्क दिसला नाही, श्वास घेऊन. कारण सिलेंडर भरलेला, गेज हिरव्यात, आणि मेन व्हॉल्व बंद असं मी पाहिलेलं आहे. नळीत उरलेल्या दाबावर एक-दोन श्वास येतात आणि मग रबर तोंडाला चिकटते, म्हणून चार-पाच घ्यायचे. मास्कचा माइक चालते का तेही, नाहीतर मास्क लावून मेडे ओरडाल आणि कोणाला ऐकू जाणार नाही. मग ब्लीडचे स्विच, आणि चढताना १०,००० ला केबिनचा काटा. केबिन अल्टिट्यूडचा काटा विमानासोबतच चढत असेल तर तिथंच थांबायचं, वर जाऊन पाहू असं नाही. तुमच्या भावाच्या विमानाला भोंगा आहे की नुसता दिवा आहे हेही विचारा.

आणि आईला हे सांगा की आपल्याकडे खाली यायला जागा आहे. नागपूरहून मुंबईला जाताना मधे १०,००० च्या वर डोंगरच नाही, अख्ख्या महाराष्ट्रात कळसूबाईच सगळ्यात उंच. नाक खाली केलं की चार-पाच मिनिटांत श्वास घ्यायच्या हवेत. लेहला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथं खाली यायलाही आधी रस्ता ठरवून ठेवावा लागते.

डॉक्टरीण_सेवाग्राम:

ऑक्सिमीटर. कोविडमध्ये आशाताई घेऊन फिरायच्या तो. पुष्कळ पायलट खिशात ठेवतात, भावाला एक घेऊन द्या. ८,००० फुटांच्या केबिनमध्ये निरोगी माणसाचाही आकडा ९० ते ९३ येतो, त्याने घाबरायचं नाही, पण ऐंशीच्या घरात गेला तर मास्क. मात्र बोट गार पडलं तर तो चुकीचं दाखवतो आणि थोडा उशिराच दाखवतो. म्हणून शंका आली तर त्याच्या आकड्याची वाट पाहायची नाही, आधी मास्क लावायचा, मग पाहायचं.

धानवाला_तिरोडा:

भावाशी आत्ता बोललो, तासभर. हसला नाही यावेळी. त्यांच्या विमानाला दिवा आणि भोंगा दोन्ही आहेत म्हणे, आणि दोन पायलट असतात. मास्क रोज तपासतो म्हणाला, पण चार-पाच श्वास घेतो का विचारलं तर थोडा थांबला आणि म्हणाला, "दादा हे तुला कोणी सांगितलं?" कलिटावालं त्याला माहीत होतं, टीबीएमचं नव्हतं, लिंक मागितली. चेंबरचं विचारतो म्हणाला. आईला मी सरळ सांगितलं की असं होते, आणि असं झालं की काय करायचं ते याला येते. तिने मास्क कसा दिसते त्याचा फोटो मागितला, तो भावाने स्वतः लावून पाठवला. पाहून राहिली बराच वेळ, मग भाकर घेतली.

संत्रा_वरुड:

लय चांगलं झालं. एक राहिलं. फोटोत दाढी हाये का त्याले? पूर्ण चेहऱ्याची दाढी असली की मास्क कडेनं बसत नाही, फटीतून बाहेरची हवा आत येते, जितके वर जाल तितका फरक पडते. आमच्या वेळी तं दाढीवाल्याले वेगळं तपासायचे.

धानवाला_तिरोडा:

आहे ना काका, छातीपर्यंत नाही पण भल्ली आहे. लगीन ठरवायच्या नावानं आई तीन महिन्यांपासून त्या दाढीच्या मागे लागली आहे आणि हा ऐकत नव्हता. आता तुमचा मेसेज तिला वाचून दाखवतो.